वाचकांचे प्रश्न : गोळी झाडणाऱ्या पोलिसाचा बचाव

प्रश्न : माझा मुलगा जळगाव जिल्ह्यात पोलीस शिपाई आहे. गावठी कट्टे विकणाऱ्यांवर छापा घालायचा असला की त्याच्या पथकाला रात्री-अपरात्री सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत जावे लागते. उद्या कोणी त्याच्यावर कट्टा रोखला आणि त्याने गोळी झाडली, तर आधी त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल होईल, असे त्याचे सहकारी सांगतात. जीव धोक्यात घालणाऱ्याला कायद्याने असे वागवावे का?
— एक वडील, चोपडा

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. गोळी झाडण्याचा हक्क आपल्या मुलाला आहे की नाही, ही एक गोष्ट आणि गोळी झाडून झाल्यावर कागदोपत्री काय घडते, ही दुसरी.

पहिलीचे उत्तर निःसंदिग्ध ‘होय’ असे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतील कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी बचावाचा हक्क सांगितला आहे. जुन्या दंड संहितेतील कलम ९६ ते १०६ चाच तो नवा अवतार आहे. समोरच्याच्या हल्ल्यामुळे मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटत असेल, तर बचाव करताना हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो, असे कलम ३८ सांगते, आणि तो स्वतःच्या शरीराइतकाच दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही आहे. म्हणजे कट्टा सहकाऱ्यावर रोखलेला असला, तरी आपला मुलगा गोळी झाडू शकतो. समोरचा आधी चाप ओढेपर्यंत थांबण्याचे बंधन त्याच्यावर नाही. कलम ४० प्रमाणे भीती उत्पन्न झाली की हक्क सुरू होतो आणि भीती असेपर्यंत टिकतो. धोक्याच्या क्षणी माणसाने किती बळ वापरले, हे नंतर सोनाराच्या तराजूत तोलायचे नसते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत घेतली आहे; दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात तर या हक्काची सूत्रे एकत्र मांडली आहेत.

मात्र हा हक्क वर्दीमुळे मिळालेला नाही, हे लक्षात घ्यावे. केळीच्या बागेत रात्री राखण करणाऱ्या शेतकऱ्याला तो जेवढा आहे तेवढाच पोलिसाला आहे, आणि त्याच्या मर्यादाही त्याच आहेत : बचावासाठी आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि धोका संपला की हक्कही संपतो. कट्टा हातातून गळून पडलेल्या, हात वर केलेल्या माणसावर झाडलेली गोळी बचावात मोडत नाही, मग तो माणूस कितीही नामचीन असो.

आता दुसरी गोष्ट. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सोळा निर्देश दिले. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे, ही या खटल्याची पार्श्वभूमी होती. म्हणजे हा कायदा आपल्याच राज्याच्या अनुभवातून घडला आहे. चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवून तो विनाविलंब न्यायालयाकडे पाठवावा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने, चकमकीतील प्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करावा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हावी, शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयातील दोन डॉक्टरांनी करावे व त्याचे चित्रीकरण व्हावे, असे हे निर्देश आहेत. गोळी झाडणाऱ्यालाच खुनी ठरवून गुन्हा नोंदवा, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही. प्रत्यक्षात तर पुष्कळदा मृतावरच पोलिसांच्या खुनाच्या प्रयत्नाचा, म्हणजे आताच्या कलम १०९ चा, गुन्हा नोंदला जातो आणि ‘आरोपी मयत’ म्हणून फाइल मिटते.

फाइल अशी मिटणे आपल्या मुलाच्या हिताचे आहे, असे त्याचे सहकारी त्याला सांगत असतील, तर माझे मत नेमके उलट आहे. ज्या दाव्याची वेळच्या वेळी तपासणी झालेली नाही तो दावा दहा वर्षांनीही उघडता येतो, आणि तोवर साक्षीदार पांगलेले असतात, बदल्या झालेल्या असतात, रिकाम्या पुंगळ्या आणि रक्ताचे नमुने कोणत्या गोदामात पडले आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. ज्याने खरोखर जीव वाचवण्यासाठी गोळी झाडली, त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा पहिल्या काही तासांत घटनास्थळीच असतो. तो गोळा करणारा तपास त्याच्याविरुद्ध असतो असे मानणे ही पोलीस दलात पसरलेली मोठी गैरसमजूत आहे. मृताच्या हातावरील बारूदचे कण, त्याच्या कट्ट्यातून सुटलेली गोळी, पोलिसांच्या गाडीला किंवा झाडाला पडलेले छिद्र, हे सारे त्या तपासातच नोंदले जाते. आणि आपण वाचलो ते कसे, हे वीस पानांच्या जबाबापेक्षा ते छिद्र अधिक चांगले सांगते.

आणखी एक निर्देश खास आपल्यासाठी सांगतो, कारण तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. घटनेची माहिती संबंधित पोलिसाच्या कुटुंबालाही कळवावी आणि कुटुंबाला वकिलाची किंवा समुपदेशनाची गरज असल्यास ती पुरवावी, असे त्याच निकालात म्हटले आहे. ही मागणी करायला संकोचू नका.

प्रश्न : आमच्या भागात विहिरीवरची केबल, ठिबकच्या नळ्या आणि मोटारपंप चोरणाऱ्या टोळ्यांनी शेतकऱ्यांना हैराण केले आहे. पोलीस गेले की चोर उसाच्या शेतात पळतात. पळणाऱ्यावर पोलीस गोळी का झाडत नाहीत?
— एक शेतकरी, शहादा

उत्तर : कारण कायदा त्यांना तशी मुभा देत नाही, आणि ती द्यावी असे मलाही वाटत नाही. अटकेला विरोध करणाऱ्या किंवा अटक चुकवणाऱ्या माणसाला पकडण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय पोलिसांना योजता येतात, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यातील, कलम ४३ सांगते. परंतु ज्या गुन्ह्याला मृत्युदंड किंवा जन्मठेपेची शिक्षा नाही, अशा गुन्ह्याच्या आरोपीला अटक करताना त्याचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार नाही, असेही तेच कलम पुढे बजावते. साध्या चोरीला फार तर तीन वर्षांची कैद आहे. आपला पंप चोरणारा पळाला तर पोलीस पाठलाग करू शकतात, नाकाबंदी करू शकतात, पाठीत गोळी मात्र घालू शकत नाहीत. तोच चोर वळून कोयता उगारून शिपायावर धावून आला, तर प्रश्न अटकेचा राहत नाही, वर सांगितलेल्या बचावाचा होतो.

दरोडा किंवा खून यांचा आरोपी असला तर हे बंधन लागत नाही, म्हणून काहीजण असा अर्थ काढतात की अशा आरोपीला पळताना मारणे सरसकट कायदेशीर आहे. तसे नाही. तेथेही ‘आवश्यक उपाय’ ही अट कायम राहते, आणि अंधारात, उसात, दोनशे पावलांवर पळणारा माणूस खरोखर तोच आहे की पाणी द्यायला आलेला सालदार, हे ओळखण्याची जबाबदारी गोळी झाडणाऱ्यावरच असते.

प्रश्न : दंगलीच्या वेळी गोळीबाराचा आदेश नेमका कोण देतो? आणि पोलीस हवेत किंवा लोकांच्या डोक्यावरून गोळ्या का झाडत नाहीत?
— एक शिक्षिका, धुळे

उत्तर : पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव पांगवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचे प्रमुख देऊ शकतात, ठाणेप्रमुख नसल्यास उपनिरीक्षकाच्या खालच्या नसलेल्या दर्जाचा अधिकारी देऊ शकतो. हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. जमाव हटला नाही तर बळ वापरता येते, आणि सद्हेतूने असे बळ वापरणाऱ्यावर सरकारच्या मंजुरीशिवाय खटला चालवता येत नाही, असे कलम १५१ सांगते. इशारा, मग लाठी, मग अश्रुधूर आणि अगदी अखेरीस गोळी, असा क्रम पोलिसांना शिकवला जातो; गोळीही कमरेखाली आणि मोजकी. डोक्यावरून झाडलेली गोळी आकाशात विरून जात नाही. ती पुढच्या गल्लीत, गच्चीवरून पाहणाऱ्या मुलाला लागते, म्हणून ती दिसायला दयाळू असली तरी अधिक घातक असते.

आपण धुळ्याच्या आहात, तेव्हा जानेवारी २०१३ ची दंगल आपल्याला सांगायला नको. पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा मृत्यू झाला आणि सरकारला न्यायिक चौकशी आयोग नेमावा लागला. अशा प्रत्येक गोळीबारात मला दोनच प्रश्न महत्त्वाचे वाटतात : त्या क्षणी कोणाच्या जिवाला तातडीचा धोका होता, आणि जमाव पळू लागल्यावर गोळीबार थांबला का. मृतांच्या शरीरावरील जखमा पुढून आहेत की मागून, कमरेच्या वर आहेत की खाली, यावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यातले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भटक्या डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. अशा वेळी हत्यारबंद पोलीस वेळेवर पोहोचले आणि त्यांनी त्या पाच जणांना वाचवण्यासाठी गोळी झाडली, तर तो दुसऱ्याच्या शरीराचा बचाव ठरेल, आणि मी स्वतः त्या पोलिसाचे वकीलपत्र एका पैशाचीही अपेक्षा न ठेवता घेईन. जमावातल्या निरपराध माणसाला इजा होण्याचा संभव असला तरी, प्राणघातक हल्ल्यापासून बचावाचा दुसरा मार्ग नसेल तर हा हक्क शाबूत राहतो, हे न्याय संहितेचे कलम ४४ मुद्दाम सांगते.

प्रश्न : बलात्कार करून खून करणाऱ्या नराधमांना पोलिसांनी गोळ्या घातल्या तर त्यात चूक काय? मी पोलिसांच्या बाजूने बोलते म्हणून महाविद्यालयात शिकणारी माझी मुलगी माझ्याशी भांडते.
— एक गृहिणी, चाळीसगाव

उत्तर : आपला संताप मी समजू शकतो, आणि पोलिसांची बाजू घेण्यात गैर काहीच नाही. परंतु आपण ज्या रीतीने बाजू घेता आहात, त्या रीतीने त्या पोलिसांचेच नुकसान होते, असे मला वाटते.

कायद्यापुढे चकमकीचा बचाव एकच आहे : त्याने आमच्यावर हल्ला केला, आमचा जीव धोक्यात होता, म्हणून आम्ही गोळी झाडली. ‘त्याने तो गुन्हा केला होता, म्हणून मारला’ हा बचाव नव्हे. ती गुन्ह्याची कबुली आहे. जेव्हा आपण म्हणतो की पोलिसांनी शिक्षा दिली, बरे झाले, तेव्हा आपण नकळत त्या पोलिसाच्या न्यायालयातील जबाबाला खोटे पाडत असतो. हैदराबादजवळ डिसेंबर २०१९ मध्ये चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलांचा वर्षाव केला. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये उघड झाला, आणि आयोगाने पोलिसांचे कथन अमान्य करून दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली. फुले उधळणाऱ्यांपैकी कोणी त्या दहा जणांच्या वकिलाची फी भरायला पुढे आले असेल, असे मला वाटत नाही.

बदलापूरच्या प्रकरणातही सप्टेंबर २०२४ मध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला, तेव्हा बाहेर आनंद साजरा झाला, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने स्वसंरक्षणाच्या कथनावर शंका घेतली. कोठडीतल्या माणसाच्या मृत्यूची चौकशी कायद्यानेच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो.

मुलीशी भांडण्यापेक्षा तिला एवढे विचारून पाहा की, जो पोलीस खरोखरच हल्ल्यातून वाचला त्याच्यावर न्यायाधीशांनी विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या की गप्प बसायचे. त्यावर आपले दोघींचे कदाचित जमेल.

प्रश्न : सरकारच्या मंजुरीशिवाय पोलिसावर खटला चालत नाही, तर मग त्याला भीती कशाची? आणि वरिष्ठांच्या आदेशावरून गोळी झाडणारा शिपाई दोषी कसा?
— विधी महाविद्यालयातील विद्यार्थी, जळगाव

उत्तर : नागरिक सुरक्षा संहितेतील कलम २१८, म्हणजे जुने १९७, हे संरक्षण खरे आहे, आणि ते असायलाच हवे. अन्यथा कर्तव्य बजावणाऱ्या प्रत्येक फौजदाराला वर्षाची निम्मी तारीख-पेशी स्वतःच्या खटल्यासाठी करावी लागली असती. ओम प्रकाश विरुद्ध झारखंड राज्य या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मंजुरी नसल्याच्या कारणावरून पोलिसांविरुद्धची कारवाई रद्द केली, आणि त्याच निकालात, कोणी कुख्यात गुन्हेगार आहे एवढ्यावरून त्याला मारणे हे पोलिसांचे काम नाही, असेही स्पष्ट केले. दोन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत. परीक्षेत उत्तर लिहिताना एक गाळू नका.

संरक्षण मिळते ते कृत्याचा कर्तव्याशी रास्त संबंध असेल तर. माणसाला घरातून उचलून नेऊन ठार करणे आणि नंतर चकमकीचा पंचनामा रचणे हे कर्तव्य असूच शकत नाही. नव्या कायद्यात आणखी एक बदल आहे : मंजुरीच्या मागणीवर सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर मंजुरी दिली असे मानले जाते. त्यामुळे मंत्रालयात फाइल झोपवून ठेवणे हा आता भरवशाचा उपाय राहिलेला नाही.

वरिष्ठांच्या आदेशाबद्दल : कायद्याने बांधलेला आहे असे सद्हेतूने समजून, वस्तुस्थितीच्या चुकीमुळे केलेले कृत्य न्याय संहितेच्या कलम १४ मध्ये माफ आहे, कायद्याच्या चुकीमुळे केलेले नाही. निःशस्त्र माणसाला मारण्याचा आदेश उघडच बेकायदा असतो. बनावट चकमकीत ‘आदेश होता’ हा बचाव चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली प्रकाश कदम प्रकरणात, दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांचा दाखला देऊन सांगितले. त्या प्रकरणाचा संबंध मुंबईतील २००६ च्या लखनभैया चकमकीशी होता. २०१३ साली सत्र न्यायालयाने तेरा पोलिसांसह एकवीस जणांना जन्मठेप सुनावली.

मधली एक जागाही आहे, आणि बचावाचे वकील तिचा पुरेसा उपयोग करीत नाहीत. लोकसेवकाने न्यायाची बूज राखण्यासाठी, सद्हेतूने, आपले कृत्य कायदेशीर व आवश्यक आहे असे मानून, कोणताही आकस नसताना अधिकाराची मर्यादा ओलांडली, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. न्याय संहितेच्या कलम १०१ चा तिसरा अपवाद तो हाच. गोंधळात, अंधारात एक गोळी जास्त झाडली गेली अशा प्रामाणिक माणसासाठी ही तरतूद आहे. ठरवून केलेल्या हत्येला तिचा आधार मिळत नाही.

प्रश्न : मी निवृत्त हवालदार आहे. पुतण्या नुकताच स्थानिक गुन्हे शाखेत रुजू झाला. गोळी झाडण्याची वेळ आलीच, तर त्याने पहिल्या रात्री काय करावे?
— एक वाचक, एरंडोल

उत्तर : सर्वांत आधी जखमीला रुग्णालयात न्यावे, तो कितीही मोठा गुन्हेगार असला तरी. उपचाराला झालेला उशीर न्यायालयात सर्वांत आधी विचारला जातो. छाप्याला निघण्यापूर्वी मिळालेली खबर स्टेशन डायरीत किंवा अन्य लेखी स्वरूपात नोंदलेली असावी. खबऱ्याचे नाव किंवा नेमके ठिकाण त्यात लिहिण्याची गरज नाही. निघताना किती काडतुसे घेतली आणि परतताना किती उरली, हा हिशेब जुळायला हवा, आणि हत्यार तपासासाठी मागितले की ते द्यावे. मात्र स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसल्याचा घटनेतील अनुच्छेद २० चा हक्क तेव्हाही कायम असतो.

जबाब देताना त्याने स्वतः पाहिले तेवढेच सांगावे : उजेड किती होता, अंतर किती होते, समोरच्याच्या हातात काय दिसले, गोळी कोणी आधी झाडली. सहा जणांच्या पथकाचे सहाही जबाब शब्दशः सारखे निघाले, तर न्यायाधीशांच्या मनात शंका येते, आणि ती रास्तच असते. खऱ्या घटनेत एकाला तीन गोळ्यांचे आवाज ऐकू येतात, दुसऱ्याला चार. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी सरकार पक्षाप्रमाणे निःसंशय पुरावा त्याला द्यावा लागत नाही. आपले म्हणणे अधिक संभाव्य आहे एवढे दाखवणे पुरते. अशा थोड्याफार विसंगतींनी हे म्हणणे ढासळत नाही.

आणि स्वतःला खरचटले असले, दात हलला असला, वर्दी फाटली असली, तर त्याची वैद्यकीय नोंद त्याच रात्री करून घ्यावी आणि फाटकी वर्दी धुवायला टाकू नये. दोन दिवसांनी दाखवलेल्या जखमेला उलटतपासात फारसा भाव मिळत नाही.